पानांचा प्रतिनिधी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण दुसऱ्याची शक्ती मोजण्यासाठी वापरतो. ज्याचा आवाका थोडा, त्याची मजल ती किती असणार, असा तिच्यातला उपहास आहे. पण म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढचे कुंपण शेताचे होते, आणि सरडा त्यावर आपण होऊन येऊन बसला होता. कुंपण संपले की पलीकडे बोरीबाभळी होत्या, बांध होते, तणे होती. आता कुंपणच सरड्याच्या चारी बाजूंनी उभे राहिले आणि वर छप्पर आले, तर ही म्हण कोणाला लावावयाची? तेथे सरड्याची धाव मोजण्यात अर्थ उरत नाही. मोजावयाचा तो कुंपण घालणाऱ्याचा आवाका.

हा विचार ज्या प्रश्नावरून सुचला तो दिसावयास लहान आहे. शॅमेलिऑन जातीचा सरडा घरी ठेवावयाचा झाला, तर त्याच्या जाळीच्या घरात एकही जिवंत झाड न लावता, केवळ कापडाची वा प्लॅस्टिकची पाने आणि सुक्या फांद्या यांवर भागवावे काय? पुष्कळांना वाटेल, हा हौशी मंडळींचा प्रश्न. नीतिविचाराशी त्याचा काय संबंध? परंतु ज्या समाजात तुळशीला पाणी घातल्यावाचून घरातली वडील माणसे चहाला शिवत नाहीत, आणि जेथे संकष्टीला दूर्वांची जुडी शोधत मुलांना पाठवले जाते, त्या समाजाने पान खरे असावे की खोटे चालेल, हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताकडून स्वीकारावयाच्या ज्या साध्या वस्तू सांगितल्या, त्यांत पहिले नाव पानाचेच आहे.

प्रश्नाला एक ठिकाण असले म्हणजे तो हवेत राहत नाही, म्हणून डिंडोलीचे नाव घेतो. सुरतेच्या आग्नेयेला, उधना जंक्शनवरून भुसावळकडे फुटणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास ही वस्ती पसरली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंची असंख्य कुटुंबे याच मार्गाने आली आणि मागांवर, छपाई-रंगाईच्या कारखान्यांत, बाजारपेठेत कामाला लागली. लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात म्हणूनच आजही मराठी आणि अहिराणी कानांवर पडते. गावाकडे ज्यांच्या घरामागे निंब किंवा चिंच होती, त्यांच्या नातवंडांना येथे दोन खोल्या आणि लोखंडी गजांची गॅलरी मिळाली आहे. तुळस आहे, पण ती प्लॅस्टिकच्या डब्यात; दारावर तोरण आहे, ते पुष्कळदा बारमाही आंब्याच्या पानांचे, म्हणजे न सुकणाऱ्या. अशा घरातल्या मुलाला एखाद्या प्राण्याची ओढ लागली तर ती समजण्याजोगी आहे. आणि झाडासाठी जागा नाही, उजेड नाही, माती गॅलरीतून खालच्या मजल्यावर गळते, म्हणून पाने खोटीच बरी, असे त्याने म्हटले तर त्यालाही केवळ आळशी म्हणून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशातला शॅमेलिऑन, जो गंगेच्या दक्षिणेकडील भारतात आणि श्रीलंकेत आढळतो व ज्याला गुजरातेत काचिंडो म्हणतात, तो घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे; त्याला पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. त्याच्या बाबतीत पान खरे की खोटे हा वादच उद्भवत नाही, त्याचे घर रानात आहे. उरतात ते परदेशी शॅमेलिऑन; त्यांत येमेन व सौदी अरबस्तानच्या नैर्ऋत्य भागातला, डोक्यावर उंच शिखा असलेला शॅमेलिऑन जगभरच्या हौशी लोकांत सर्वांत अधिक पाळला जातो. तोही १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२२ मध्ये आपल्या अधिनियमात दुरुस्ती होऊन अशा प्राण्यांची नोंद करणे बाळगणाऱ्यावर बंधनकारक झाले, आणि २०२४ मध्ये त्याचे नियमही प्रसिद्ध झाले. तेव्हा पुढील सर्व विवेचन अशा नोंदलेल्या, येथल्या रानात सोडता न येणाऱ्या प्राण्याविषयीच आहे. तो आणावा असे मी सुचवीत नाही. जो आलाच आहे त्याचे काय, एवढेच पाहावयाचे आहे.

आता पान म्हणजे या प्राण्याला काय, ते पाहू. आपण पानाकडे पाहतो तेव्हा रंग पाहतो. शॅमेलिऑनला पान ही अनेक कामे करणारी वस्तू आहे. त्याच्या पायांची बोटे दोन आणि तीन अशा जुडग्यांत बांधलेली असतात, चिमट्यासारखी. सपाट जमिनीवर चालावयास ती अवघडतात, फांदीला धरावयास मात्र त्यांच्यासारखी दुसरी रचना नाही. शेपूट हा पाचवा हात. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एक पुढच्या नाकतोड्यावर आणि दुसरा मागच्या शत्रूवर ठेवता येतो. असा प्राणी पळून जीव वाचवीत नाही, तो लपून वाचवतो. पान हा त्याचा आडोसा आहे, आणि आडोसा नसेल तर अन्नपाणी असूनही तो सतत भयात राहतो. माणसाच्या ये-जा करणाऱ्या खोलीत, उघड्या फांदीवर, चारी बाजूंनी दिसेल असा त्याला ठेवणे, ही मारझोड नसली तरी पीडाच आहे.

दुसरे, तो वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही. स्थिर पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पहाटेचे दव किंवा पावसाचा थेंब पानावरून ओघळताना हलतो, चकाकतो, तेव्हा तो जीभ लावतो. म्हणजे पान हे त्याचे पंचपात्र आहे. काठोकाठ भरलेल्या वाटीशेजारी तहानेने सुकून गेलेले शॅमेलिऑन पशुवैद्यांना अपरिचित नाहीत, आणि वाटी ठेवणाऱ्याला वाटत असते की आपण पाणी ठेवले आहे.

तिसरे, जिवंत पान श्वास टाकते. मुळांनी घेतलेले पाणी ते हवेत सोडते, त्यामुळे दाट पानोळ्याच्या आत हवा बाहेरच्यापेक्षा थंड व ओली राहते. सुरतेत चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या घरात जातो, तेथे हा फरक क्षुल्लक नव्हे. चौथे, येमेनी शॅमेलिऑन कीटकांबरोबर पानेही खातो. जास्वंदीची कोवळी पाने त्याला आवडतात. म्हणजे त्याच्यापुढे टांगलेले खोटे पान ही त्याच्या दृष्टीने केवळ शोभा नाही, ते खाद्य आहे. त्याने चावा घेतला आणि तुकडा आतड्यात अडकला, तर ते खोटेपण त्याच्या जिवावर बेतते.

येथे मला आपल्या शास्त्रातला एक जुना विचार आठवतो, आणि तो या प्रश्नाला विलक्षण लागू पडतो. पूजेत एखादा उपचार हाताशी नसला तर आपण त्याच्या जागी अक्षता वाहतो. अलंकार नाहीत, अक्षता वाहिल्या. वस्त्र नाही, अक्षता वाहिल्या. गुरुजी हे इतक्या सहज करतात की त्यामागे मोठा वाद होऊन गेला आहे याची आपल्याला कल्पनाही नसते. जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, प्रतिनिधीचा विचार आला आहे. यज्ञात विहित द्रव्य मिळाले नाही तर यज्ञ सोडावा, की दुसरे द्रव्य घेऊन पुरा करावा? निर्णय असा की, दुसरे द्रव्य घ्यावे. पण ते मूळ द्रव्याशी सदृश असले पाहिजे. साळी नसतील तर नीवार, म्हणजे रानसाळी, घ्यावे. सोम नसेल तर पूतिका. जे मिळेल ते उचलून चालणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की काही गोष्टींना प्रतिनिधीच नाही. देवतेच्या जागी दुसरी देवता नाही, मंत्राच्या जागी दुसरा मंत्र नाही, आणि ज्याचा यज्ञ त्या यजमानाच्या जागी दुसरा यजमान नाही.

खोट्या पानाचा विचार मी या रीतीने करतो. खोटे पान हा पानाचा प्रतिनिधी आहे. प्रतिनिधी घेणे हे मुळातच पाप नव्हे. पण तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: मूळ वस्तू खरोखर दुर्मिळ होती काय? ज्या गुणासाठी मूळ वस्तू हवी होती तो गुण प्रतिनिधीत आहे काय? आणि यजमान जागेवर आहे काय?

कृत्रिम या शब्दानेच नाक मुरडणारे लोक आहेत; सुरतेत राहून त्यांच्याशी सहमत होणे कठीण आहे. हे शहर कृत्रिम धाग्यावर उभे आहे. डिंडोलीच्या कितीतरी चुली पॉलिएस्टरच्या साड्यांवर पेटतात, आणि ती साडी नेसणारी बाई रेशमाची फसवणूक करीत नसते. तिला स्वस्त, टिकाऊ आणि लवकर वाळणारे वस्त्र हवे असते, ते तिला मिळते. प्रयोगशाळेत घडवलेले हिरेही आता याच शहरात मोठ्या प्रमाणावर तयार होतात; २०२३ च्या जूनमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला, आणि तो काय आहे हे सांगूनच दिला. घडवलेला हिरा खाणीतला म्हणून विकला तर ती लबाडी. घडवलेला म्हणून दिला तर तिच्यात लबाडी कसली? असत्य वस्तूत नसते, वस्तूविषयीच्या दाव्यात असते, असे येथपर्यंत म्हणता येईल.

पण मग शॅमेलिऑनपुढे टांगलेले पान कोणापुढे कोणता दावा करते? पाहुण्यापुढे ते रानाचा दावा करते. पाहुणा जाळीतून पाहतो, हिरवेगार दिसते, तो म्हणतो, वा, छान ठेवले आहे! फसला तर तो पाहुणा फसला, आणि त्याचे फारसे बिघडले नाही. शॅमेलिऑनला मात्र दावा कळत नाही. त्याला आडोसा मिळतो किंवा मिळत नाही, थेंब मिळतो किंवा मिळत नाही. एखादे कापडी पान दाट असेल, थेंब धरून ठेवीत असेल, तर त्या दोन गुणांपुरते ते त्याला पानच आहे. गारवा ते देत नाही. आणि पाने खाणाऱ्या जातीपुढे तर ते वाढलेल्या ताटातल्या दगडासारखे आहे.

देवळात हाच हिशेब निराळा पडतो, आणि तो का निराळा पडतो हे नीट पाहण्यासारखे आहे. मूर्ती पाषाणाची असते, हे कोणा भाविकाला माहीत नसते? तरी ती खोटी नसते. प्राणप्रतिष्ठा झालेली असते आणि उरलेले अंतर भक्ताचा भाव भरून काढतो. मानसपूजेत तर फूलही मनातच वाहिलेले असते. यावरून काही जण म्हणतात की मग प्लॅस्टिकच्या हाराने काय बिघडले? गोव्याच्या देवळांत प्रसाद लावण्याची, कौल घेण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे उत्तर शब्दांत द्यावे लागत नाही. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि वाट पाहतात. पाणी सुकते, पाकळी आपल्या वेळेला सुटते, उजवीकडची किंवा डावीकडची, आणि लोक तो देवाचा शब्द मानतात. न कोमेजणारी, न सुकणारी पाकळी डिंकाने लावली तर ती कधी पडणारच नाही. म्हणजे देवाला बोलावयास जागाच उरली नाही. म्हार्दोळला श्रीम्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा सकाळपर्यंत ती फुले म्लान होणार हे सर्वांना ठाऊक असते. उद्या टिकणार नाही ते आज वाहिले, हाच तर त्या वाहण्यातला भाग आहे. तरीही, भक्ताजवळ काही नसेल तर त्याचा भाव पुरतो. प्राण्याच्या बाबतीत भाव पुरत नाही. माझ्या मनात त्याच्याविषयी कितीही प्रेम असले तरी त्या प्रेमाने त्याच्या घशात थेंब पडत नाही. पूजेत उणे असेल ते भाव भरतो. पालनात उणे असेल ते हातांनी भरावे लागते.

याच्या उलट बाजूलाही जिवंत झाड म्हणजे निर्दोष, असे नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर कीटकनाशक फवारलेले असते. ते रोप धुऊन, माती बदलून, काही आठवडे वेगळे ठेवल्यावाचून पिंजऱ्यात ठेवले तर खरे पान विष होते. काही झाडांचा चीक दाहक असतो. कुंडीतल्या खतात गोळ्या असतात. आजारी किंवा नव्याने आलेल्या प्राण्याला तर जाणते लोक मुद्दामच उघड्या, धुता येतील अशा घरात ठेवतात. तळाला कागद, दोनचार फांद्या, आणि रोज पुसता येतील अशी कृत्रिम पाने. रुग्णालयाची खाट पुष्पशय्या नसते, तरी ती क्रूर नसते. तेव्हा निसर्गाचे ते सारे चांगले व माणसाने केलेले ते सारे वाईट, या सोप्या उत्तराने हा प्रश्न सुटत नाही. विषारी खऱ्या पानापेक्षा धुतलेले खोटे पान शतपटींनी बरे.

तर मग ज्याला झाड लावता येतच नाही, त्याने काय करावयाचे? घर काचेचे नव्हे, जाळीचे घ्यावयाचे, हवा खेळती राहील असे. पूर्ण वाढलेल्या येमेनी नराला दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच जागा ही किमान समजतात. उंची महत्त्वाची, कारण त्याचे जग उभे आहे. जाडबारीक फांद्या आडव्या-तिरप्या बांधावयाच्या, पायाला धरता येतील अशा, आणि वरच्या अर्ध्या भागात पानांचा एवढा दाट झुबका की त्याने ठरवले तर तो दिसूच नये. पाने जाड, कडा न सुटणारी. चावली जात आहेत असे दिसताच काढून टाकावयाची. सकाळी आणि सायंकाळी बारीक तुषार, दिवसा थेंब-थेंब गळणारे पाणी. वरून उजेड आणि अतिनील किरण देणारा दिवा, सुमारे बारा तास. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे उपयोगाचे नाही, कारण ज्या किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते साधी काच अडवून धरते, आणि त्यावाचून हाडे मऊ पडून वाकतात. बसण्याच्या एका जागी तीस अंशांच्या आसपास ऊब, आणि तेथून दूर जाऊन थंड होण्याची सोय. खाद्याच्या रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड. आणि दर आठवड्याला सारी पाने काढून धुणे, कारण जिवंत पानावर जे पाणी झाड आपल्या परीने निभावून नेते, ते खोट्या पानावर साचून बुळबुळीत होते व रोगाचे घर बनते.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. खोट्या पानांनी काम कमी होत नाही, वाढते. जास्वंदीचे एक रोप निमूटपणे सावली देते, गारवा देते, थेंब धरते, चावले तर पोटात जाते आणि पुन्हा फुटते. ते काढून टाकणाऱ्याने झाड नुसते काढले नाही, झाडाचा धर्म स्वतःच्या अंगावर घेतला. तो धर्म त्याने दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, प्राणी जगेल तितकी वर्षे पाळावयाचा आहे. गणपतीला गावी गेला, लग्नाला जळगावला गेला, आजारी पडला, तरी. आता वस्तुस्थिती अशी की बहुतेक लोक खोटी पाने निवडतात ती नेमकी कष्ट वाचावेत म्हणून. झाडाला पाणी घालण्याचा कंटाळा असणारा मनुष्य झाडाचे सारे काम करू पाहतो, ही या व्यवहारातली खरी विसंगती आहे. माझा आक्षेप प्लॅस्टिकवर नाही. तो या हिशेबावर आहे.

कोणी म्हणेल, आता यंत्रे निघाली आहेत, ठरल्या वेळी आपोआप तुषार उडतात. निघाली आहेत, आणि उपयोगीही आहेत. परंतु नळी तुंबली, वीज गेली, टाकी रिकामी झाली, हे यंत्राला कळत नाही. द्रव्याला प्रतिनिधी आहे, यजमानाला नाही. मीमांसकांनी ही रेघ ओढली ती उगीच नव्हे.

सुरतेच्या संदर्भात येथे एका जुन्या हकिकतीचे स्मरण होते. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे राहिला होता. १६८९ च्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १६९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. सुरतेतल्या वाणी लोकांनी चालवलेल्या जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन त्यात आहे, आणि त्याच्याजवळच ढेकूण, पिसवा अशा जीवांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या जागेचेही. या जीवांना त्यांचे नेहमीचे अन्न मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथल्या खाटेवर निजवीत, असे तो लिहितो. परक्या माणसाने ऐकून लिहिलेल्या गोष्टीत अतिशयोक्ती किती, हा भाग सोडा. वाचून हसू येते, मलाही आले. पण जरा थांबून पाहिले तर त्या व्यवस्थेत एक गोष्ट अचूक होती: जीव वाचवावयाचा तर त्याला जे लागते तेच दिले पाहिजे, आपल्याला देणे सोयीचे आहे ते नव्हे. ढेकणाला पेंड घालून भूतदयेचे पुण्य मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. आणि एक गोष्ट तितकीच चुकली होती: त्या दयेची किंमत दया करणाऱ्याने स्वतःच्या अंगाने दिली नाही, ती एका गरजू माणसाच्या अंगातून वसूल केली. धनिकाने पुण्य जोडले आणि रक्त दुसऱ्याचे गेले. आजही पाळीव प्राण्याचे कौतुक मालकाचे आणि त्याची घाण काढणे मोलकरणीकडे, असे पुष्कळ घरांत चालते. त्याला तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या खाटेपेक्षा फार निराळे म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

प्राण्याला आपली तक्रार सांगता येत नाही, असा एक समज आहे. शॅमेलिऑनपुरता तो खरा नाही. रंग बदलणारा म्हणून आपण त्याला लबाडांचा प्रतिनिधी ठरवले. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला त्याचे नाव देतो. वास्तविक तो ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग घेतो, ही समजूत चुकीची आहे. त्याच्या त्वचेतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यामधले अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हे मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले. हा बदल घडतो तो थंडीने, उष्णतेने, भीतीने, प्रतिस्पर्धी दिसल्याने. म्हणजे तो रंग बदलून स्वतःला लपवतो त्यापेक्षा अधिक वेळा स्वतःला उघड करतो. काळवंडलेला, आक्रसलेला, दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन सांगत असतो की हे घर मला मानवत नाही. आत पाने खरी आहेत की खोटी, यावर मालकाने कितीही युक्तिवाद केला, तरी साक्षीदार समोर फांदीवर बसलेला आहे, आणि त्या साक्षीदाराला खोटे बोलता येत नाही.

सरड्याची कथा निघाली की भागवताच्या दशम स्कंधातला नृगराजा डोळ्यांपुढे येतो. यादवांची मुले खेळता खेळता तहानली, पाणी शोधू लागली, आणि एका कोरड्या विहिरीत त्यांना डोंगराएवढा सरडा दिसला. कळवळून त्यांनी चामड्याचे व सुताचे दोर बांधून त्याला वर ओढण्याचा यत्न केला. जमेना, तेव्हा कृष्णाला बोलावले, आणि त्याने डाव्या हाताने सहज वर काढला. स्पर्श होताच सरड्याचा राजा झाला आणि त्याने आपली हकिकत सांगितली. एका ब्राह्मणाची गाय चुकून त्याच्या खिल्लारात मिसळली, त्याने ती न कळत दुसऱ्याला दान दिली. दोघे भांडत आले, एका गाईच्या बदली लक्ष गाई देऊ केल्या तरी कोणी ऐकेना. आपण ही कथा ब्राह्मणाच्या धनाचा अपहार करू नये, या उपदेशासाठी ऐकत आलो आहोत, आणि भागवतात तो उपदेश आहेच. मला त्यातली दुसरी बाजू अधिक बोचते. नृगाच्या हेतूत तिळमात्र खोट नव्हती. त्याने दान केले, सद्भावाने केले. फक्त दिलेली वस्तू कोठून आली ते पाहिले नाही. न पाहिल्याचा भोग त्याला चुकला नाही.

डिंडोलीतल्या ज्या मुलाची गोष्ट आपण कल्पिली, त्याला विकणारा सांगतो की प्राणी पिंजऱ्यात जन्मलेला आहे, कागद आहेत. असतीलही. पण ती गाय कोणाच्या गोठ्यातली, हे विचारण्याचे काम घेणाऱ्याचे आहे. येमेनच्या डोंगरातून किंवा आफ्रिकेच्या रानातून पोत्यात भरून आणलेला प्राणी असेल, तर डिंडोलीत त्याला जास्वंदीच्या शंभर कुंड्या लावून दिल्या तरी मूळचा हिशेब चुकताच राहतो. आणि यादवांच्या मुलांचे दोर मला येथे फार जवळचे वाटतात. त्यांची कणव खरी होती. साधन अपुरे आहे हे त्यांच्या लवकर ध्यानात आले, आणि ज्याला उचलता येते त्याला बोलावण्यास ती लाजली नाहीत. ज्या घरात झाडही लावता येत नाही आणि झाडाचे कामही करता येत नाही, तेथल्या मालकाने प्राणी जाणत्या, नोंदणीकृत माणसाच्या हवाली करणे, किंवा पशुवैद्यांचा व वनखात्याचा सल्ला घेणे, यात कमीपणा नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती पानांपेक्षा खालची आहे. येमेनी शॅमेलिऑनची मादी नराचा संग नसतानाही अंडी धरते. वेळ आली की झाडावर राहणारा हा प्राणी खाली उतरतो आणि माती उकरू लागतो. ओलसर, धसणार नाही अशी, फूटभर खोल वाळूमाती त्याला लागते. ती मिळाली नाही तर मादी अंडी अडवून धरते आणि पुष्कळदा त्यातच मरते. झाड नको म्हणणाऱ्याने बहुधा कुंडीही नको म्हटलेली असते, आणि कुंडी नाही म्हणून घरात कोठे मातीच नसते. तळाला स्वच्छ, कोरडा कागद. कापडाचे पान होते, रबराची वेल होते, दिव्याचा सूर्य होतो. मातीला असा प्रतिनिधी अजून कोणी काढलेला नाही. म्हणून ज्याने मादी ठेवली असेल त्याने, पाने कोणतीही असोत, आज सायंकाळीच एक खोल बादली आणि धुतलेली वाळू आणावी. आणि ती उकरू लागली की जाळीवर चादर टाकून खोलीतून बाहेर जावे, कारण कोणी पाहत असेल तर ती काम अर्धे सोडून पुन्हा वर चढते.